मैदान कुणी वाचायचं?

अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक सामन्यात क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये एक छोटा स्पीकर असतो. मैदानाबाहेरून प्रशिक्षक त्यावर पुढची चाल सांगतो. समोर ४० सेकंदांचं घड्याळ उलटं चालू असतं. त्यात १५ सेकंद उरले की तो आवाज आपोआप बंद होतो. नियमच तसा आहे. तिथून पुढे जे करायचं ते त्या मुलाने, एकट्याने. समोर प्रतिस्पर्धी संघाचे ११ जण उभे असतात आणि ते काय करणार आहेत, हे त्याने त्यांच्या उभं राहण्यावरून ओळखायचं असतं. चेंडू हातात आला की पास फेकायला साधारण अडीच-तीन सेकंद मिळतात.

याला तिकडे बचाव ‘वाचणं’ म्हणतात. ‘बघणं’ किंवा ‘ओळखणं’ नाही, वाचणंच. आणि वाचण्याचा विषय निघाला की जगात सगळीकडे जो प्रश्न येतो, तो इथेही आला: वाचायला कुणाला शिकवायचं, आणि कुणाला नाही?

आधी मागची माणसं मोजा

हा खेळ कधी पाहिला नसेल तरी हरकत नाही. १०० यार्ड लांब आणि सुमारे ५३ यार्ड रुंद मैदान. क्वार्टरबॅक म्हणजे हल्ला करणाऱ्या संघाचा सूत्रधार. चेंडू त्याच्या हातात येतो आणि तो धावत सुटलेल्या आपल्या एखाद्या रिसीव्हरकडे तो फेकतो. तो पास अडवायला बचाव करणारा संघ मैदानाची जी वाटणी करतो, तिला कव्हरेज म्हणतात.

क्रिकेटमध्ये बॅटर स्टान्स घेण्याआधी फील्डवर नजर फिरवतो. पण बोलर धावत निघाल्यावर फील्डरने जागा मोठ्या प्रमाणावर बदलणं तिथे नियमाबाहेर आहे. इथे उलट आहे. बचावाचे खेळाडू चेंडू सुटेपर्यंत हवं तिथे सरकू शकतात, एक दाखवून दुसरंच करू शकतात. फसवणं हा त्यांच्या कामाचाच भाग.

म्हणून नवख्या क्वार्टरबॅकला पहिला धडा असतो तो मोजण्याचा. सगळ्यात मागे उभ्या असलेल्या रखवालदारांना सेफ्टी म्हणतात. ते किती आहेत? एकच, मैदानाच्या मधोमध असेल तर मधला रस्ता बंद. दोघे असतील, एक डावीकडे आणि एक उजवीकडे, तर मधला रस्ता उघडा. मागे कुणीच नसेल तर सावध, कारण मग जास्तीची माणसं तुझ्याच अंगावर येणार आहेत.

कव्हरेजची नावंही बहुतेक अशीच, खोलवरचा भाग किती जण सांभाळतात त्यावरून. कव्हर दोन म्हणजे मागे दोघे, अर्धं-अर्धं मैदान वाटून घेतलेले. कव्हर तीन म्हणजे तिघे, कव्हर चार म्हणजे चौघे. कव्हर एक म्हणजे मागे एकटा राखणदार आणि बाकीचे आपापला माणूस धरून.

दुसरा धडा डोळ्यांचा. कडेला रिसीव्हरसमोर जो उभा असतो, तो कॉर्नरबॅक. तो रिसीव्हरकडे टक लावून बघतोय की तुझ्याकडे? रिसीव्हरकडे बघत असेल तर बहुधा माणसाला माणूस. तुझ्याकडे बघत असेल तर तो स्वतःचा इलाखा राखतोय. खात्री करायची असेल तर चेंडू सुटण्याआधी आपला एक खेळाडू या टोकाकडून त्या टोकाला पाठवायचा. कुणी त्याच्या मागे धावलं तर माणसाला माणूस. कुणी हललं नाही, नुसते थोडे सरकले, तर इलाखा.

तिसरा धडा: पहिल्या दोन धड्यांवर विश्वास ठेवायचा नाही. चेंडू हातात आला की पुन्हा सेफ्टीकडे बघायचं. मघाशी दोन दिसत होते, त्यातला एक खाली धावत आला आणि दुसरा मधे सरकला, म्हणजे कव्हर तीन निघालं. आता मनातल्या मनात उत्तर बदलायचं आणि ठरलेल्या क्रमाने नजर टाकायची: पहिला रिसीव्हर, तो झाकलेला असेल तर दुसरा, मग तिसरा. पायांची पावलंही त्या क्रमाला बांधलेली असतात. नवखा मुलगा नेहमी एकच गोष्ट करतो. ज्याला पास द्यायचा त्याच्याकडेच बघत राहतो, आणि समोरचा सेफ्टी त्याचे डोळे वाचून आधीच तिथे पोचतो.

यात जादू काहीच नाही. आधी मुळाक्षरं, मग बाराखडी, मग शब्द. फळा, फिल्म आणि सराव एवढं असलं की हे शिकवता येतं. अमेरिकेत ते कधीपासून शिकवलं जाऊ लागलं, तेही ठाऊक आहे.

मैदानात वर्ग भरला

सुरुवातीच्या अमेरिकन फुटबॉलमध्ये वाचण्यासारखं फारसं नव्हतं. पुढे पास फेकायलाच परवानगी नव्हती. माणसांचा घोळका दुसऱ्या घोळक्यावर आदळायचा. १९०५ च्या हंगामात किमान १८ खेळाडू दगावले. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी विद्यापीठांच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावलं. १९०६ मध्ये नियम बदलले आणि पुढे पास फेकणं कायदेशीर झालं. चेंडू हवेत जाऊ लागला तसं घोळक्यातलं मैदान पसरलं.

१९३९ मध्ये शिकागो बेअर्स संघाने कोलंबिया विद्यापीठातून सिड लकमन नावाचा खेळाडू घेतला. कॉलेजात त्याला चेंडू थेट हातात मिळायचा. पळ, फेक किंवा लाथ मार. शिकागोत प्रशिक्षक जॉर्ज हॅलस आणि त्यांचे सल्लागार क्लार्क शॉनेसी ‘टी’ नावाची रचना वापरत होते. तिच्यात क्वार्टरबॅक रांगेच्या अगदी मागे उभा राहून चेंडू घेतो, वळतो, देण्याचं नाटक करतो आणि मग ठरवतो. लकमनला हे सगळं नव्याने शिकावं लागलं. ८ डिसेंबर १९४० च्या अंतिम सामन्यात बेअर्सने वॉशिंग्टनला ७३-० ने हरवलं. लीगच्या इतिहासात इतक्या फरकाने दुसरा कुठलाही सामना संपलेला नाही. त्यानंतर ‘टी’ सगळ्यांनी उचलली आणि क्वार्टरबॅक ही विचार करणाऱ्याची जागा ठरली.

त्या जागेसाठी रीतसर शाळा काढली पॉल ब्राउन यांनी. ओहायोतल्या मॅसिलन गावी ते आधी शाळेचे प्रशिक्षक होते. १९४६ मध्ये त्यांनी क्लीव्हलंडचा नवा संघ बांधला तो शाळेसारखाच. खेळाडू वर्गात बसायचे, वह्या भरायचे, परीक्षा द्यायचे. सामन्याची फिल्म लावून प्रत्येकाला गुण दिले जायचे. त्यांचा क्वार्टरबॅक ऑटो ग्रॅहम १० हंगाम खेळला, दहाही वेळा अंतिम सामन्यात पोचला आणि ७ वेळा जिंकला. १९५६ मध्ये ब्राउन यांनी क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये रेडिओ बसवून पाहिला. लीगने लगेच बंदी घातली. ती उठायला १९९४ उजाडलं.

ब्राउन यांच्याच हाताखाली, सिनसिनाटीत, बिल वॉल्श तयार झाले. १९७० मध्ये त्यांच्या वाट्याला व्हर्जिल कार्टर हा क्वार्टरबॅक आला. त्याच्या हातात लांब फेकायची ताकद नव्हती. वॉल्शनी चालीच छोट्या केल्या: तीन पावलं मागे, पहिली नजर इथे, दुसरी तिथे, चेंडू सोड. पुढच्याच वर्षी पास पोचवण्याच्या टक्केवारीत कार्टर लीगमध्ये पहिला आला. हात दुबळा असला तरी वाचन शिकवून क्वार्टरबॅक घडवता येतो, हे वॉल्शनी दाखवून दिलं. १९७९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत त्यांच्या वर्गात जो मोंटाना आला. ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी नवे खेळाडू निवडण्याच्या कार्यक्रमात, त्याच्याआधी ८१ जण निवडले गेले होते. पुढे चार सुपर बोल त्याने जिंकले.

हा झाला शाळेच्या आतला इतिहास. आता दाराबाहेरचा.

दाराबाहेर

१९३४ ते १९४५ या काळात या लीगमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. १९४६ मध्ये दार किलकिलं झालं. पॉल ब्राउन यांनीच तेव्हा मॅरिअन मोटली आणि बिल विलिस यांना घेतलं. पण ते धावायला, अडवायला. सूत्रधाराची जागा वेगळी होती.

त्यासाठी कुठलाही लेखी नियम नव्हता. समज होता, आणि तो पुरेसा होता: काळा मुलगा वेगात पळेल, उंच उडी मारेल, पण बचाव वाचणार नाही, आणि गोरे खेळाडू त्याचं ऐकणार नाहीत. कॉलेजात क्वार्टरबॅक म्हणून गाजलेली मुलं व्यावसायिक संघात आली की त्यांना रिसीव्हर किंवा बचावपटू केलं जाई. १९५३ मध्ये शिकागोकडून विली थ्रोअर थोडा वेळ क्वार्टरबॅक म्हणून मैदानात उतरला. पुढच्या हंगामात तो संघात नव्हता. १९६८ मध्ये ओकलंडने टेनेसी स्टेटचा क्वार्टरबॅक एल्ड्रिज डिकी याला ड्राफ्टच्या पहिल्याच फेरीत उचललं आणि रिसीव्हर करून टाकलं.

त्याच वर्षी डेन्व्हरने मार्लिन ब्रिस्को याला घेतलं, तेही कॉर्नरबॅक म्हणून. त्याने करारातच अट घातली: क्वार्टरबॅकची चाचणी द्यायला मिळाली पाहिजे. संघाचे क्वार्टरबॅक जखमी झाले, बाकीचे चालेनात, आणि ६ ऑक्टोबर १९६८ रोजी ब्रिस्कोने सूत्रधार म्हणून सामना सुरू केला. त्या हंगामात जेमतेम पाच सामन्यांत सुरुवातीपासून खेळून त्याने १४ टचडाउन पास फेकले. डेन्व्हरच्या नवख्या क्वार्टरबॅकचा हा विक्रम पुढे अनेक दशकं टिकला.

१९६९ च्या उन्हाळ्यात त्याला कळलं की क्वार्टरबॅकची बैठक भरली आहे आणि आपल्याला बोलावलेलं नाही. ज्या खोलीत फळा असतो, फिल्म लागते, कव्हरेज शिकवलं जातं, ती ही खोली. नंतर तो बफेलोला गेला. तिथे त्याने रिसीव्हर म्हणून खेळायला सुरुवात केली आणि त्यातही देशातल्या उत्तम खेळाडूंमध्ये गणला गेला. क्वार्टरबॅक म्हणून त्याला पुन्हा कुणी उभं केलं नाही.

‘याला वाचता येत नाही’ हा समज असा स्वतःच स्वतःचा पुरावा तयार करत होता. शिकवायचं नाही, आणि मग येत नाही म्हणायचं.

आपल्याकडे ही युक्ती ओळखीची आहे. १८४८ मध्ये पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी शाळा काढली ती याच युक्तीच्या विरोधात. जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिली आणि अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. लुइझियाना राज्याने १८३० साली कायदा केला होता: गुलामाला लिहायला-वाचायला शिकवणाऱ्याला एक महिना ते एक वर्ष तुरुंगवास.

त्याच लुइझियानात पुढे ग्रँब्लिंग उभं राहिलं.

ग्रँब्लिंगची शाळा

१९०१ मध्ये कृष्णवर्णीय शेतकऱ्यांच्या पुढाकाराने सुरू झालेली छोटी शाळा वाढत वाढत ग्रँब्लिंग विद्यापीठ झाली. १९४१ मध्ये एडी रॉबिन्सन तिथे फुटबॉलचे प्रशिक्षक झाले आणि १९९७ पर्यंत राहिले. ४०८ सामने जिंकले. त्यांच्याकडून असंख्य खेळाडू व्यावसायिक लीगमध्ये गेले, पण सूत्रधार होऊन कुणी नाही.

१९६० च्या दशकात रॉबिन्सन यांनी ठरवून एक मुलगा तयार करायला घेतला. जेम्स हॅरिस. उंच, भक्कम, दमदार हाताचा. त्याच्यासाठी त्यांनी संघाची खेळण्याची पद्धतच व्यावसायिक संघांसारखी केली, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की याला आमची भाषा येत नाही. जागा बदलायची नाही, हा त्यांचा निश्चय होता. हॅरिस १९६९ च्या ड्राफ्टमध्ये आठव्या फेरीपर्यंत तसाच राहिला. मग बफेलोने त्याला घेतलं आणि त्याच वर्षी हंगामाचा पहिला सामना त्याने क्वार्टरबॅक म्हणून सुरू केला. १९७४ मध्ये लॉस एंजलिस रॅम्सकडून त्याने बाद फेरीचा सामना जिंकला. ते करणारा तो पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक.

हॅरिसच्या मागून त्याच वर्गातून डग विल्यम्स आला. १९७८ मध्ये टँपा बेचे सहायक प्रशिक्षक जो गिब्ज त्याला पारखायला लुइझियानाला गेले. विल्यम्स तेव्हा पदवीचा भाग म्हणून शाळेत शिकवण्याचा सराव करत होता. गिब्ज त्याच्यासोबत राहिले, फळ्यावर चाली मांडून बोलले, आणि परत येऊन म्हणाले, घ्या. टँपाने त्याला पहिल्या फेरीत घेतलं.

आता त्याच वर्षीचा दुसरा मुलगा बघा. वॉरन मून. वॉशिंग्टन विद्यापीठाला त्याने प्रतिष्ठेची रोझ बोल स्पर्धा जिंकून दिली होती, त्या सामन्यात सर्वोत्तम ठरला होता. १९७८ च्या ड्राफ्टच्या १२ फेऱ्यांमध्ये त्याचं नाव कुणीच घेतलं नाही. तो कॅनडात गेला, एडमंटनकडून सलग ५ अजिंक्यपदं जिंकला, १९८४ मध्ये परतला आणि २००६ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये पोचला. तिथे पोचलेला तोच पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक. दोघांमधला फरक काय? एकाकडे गिब्ज गेले होते, फळ्यासमोर बसायला.

८० यार्ड

टँपात विल्यम्सला काही संघांच्या राखीव क्वार्टरबॅकपेक्षाही कमी पगार होता. १९८२ नंतर त्याने तो संघ सोडला. पुढे गिब्ज वॉशिंग्टनचे मुख्य प्रशिक्षक झाले होते. १९८६ मध्ये त्यांनी त्याला राखीव म्हणून बोलावलं. १९८७ च्या हंगामाअखेर बाद फेरीत सूत्रं त्याच्याकडे आली.

३१ जानेवारी १९८८. सॅन डिएगो. सुपर बोलमध्ये सूत्रधार म्हणून सुरुवात करणारा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. पहिल्या सत्रात डेन्व्हर १०-० ने पुढे. विल्यम्सचा पाय घसरला, गुडघा मुरगळला, तो बाहेर गेला आणि परत आला.

दुसऱ्या सत्रातली वॉशिंग्टनची पहिली चाल अगदी साधी होती. रिसीव्हर रिकी सँडर्सने थोडं पुढे धावून थबकायचं आणि छोटा पास घ्यायचा. पण समोरचा कॉर्नरबॅक सँडर्सला धक्का देऊन रोखायला अगदी जवळ आला. धडा असा असतो: तो दूर उभा असेल तर थबक, अंगावर आला असेल तर थबकू नकोस, त्याच्या बगलेतून सरळ लांब पळ. सँडर्सने ते वाचलं. विल्यम्सनेही तेच, त्याच क्षणी वाचलं, म्हणून त्याने छोटा पास न देता लांब चेंडू टाकला. ८० यार्ड, टचडाउन.

त्या एका सत्रात वॉशिंग्टनने ३५ गुण केले. विल्यम्सचे त्यात ४ टचडाउन पास. सामना ४२-१०. एकूण ३४० यार्ड, आणि तोच सामन्याचा मानकरी. तो पास बघणाऱ्याला ताकदीचा वाटतो. मुळात तो दोन माणसांनी एकाच वेळी केलेल्या वाचनाचा होता.

ज्याला वाचू दिलं नाही, त्याने काय लिहिलं

मिनेसोटा विद्यापीठाचा क्वार्टरबॅक टोनी डंजी १९७७ मध्ये कॉलेजातून बाहेर पडला. कुणी ड्राफ्ट केलं नाही. पिट्सबर्ग स्टीलर्सने घेतलं आणि सेफ्टी केलं. ज्याचं शिक्षण सेफ्टी वाचण्याचं, तोच सेफ्टी झाला. खेळणं संपल्यावर तो प्रशिक्षक झाला आणि १९९६ मध्ये टँपा बेचा मुख्य प्रशिक्षक.

तिथे डंजी यांनी सहकाऱ्यांबरोबर स्टीलर्समध्ये शिकलेलं एक कव्हरेज धारदार केलं. पुढे त्याचं नावच ‘टँपा टू’ पडलं. आपला पहिला धडा आठवा: मागे दोन सेफ्टी दिसले की मधला रस्ता उघडा. टँपा टूमध्ये मागे दोनच सेफ्टी दिसतात. पण चेंडू सुटला की मधला लाइनबॅकर, जो पुढे पळायचा असतो, तो पाठ वळवून थेट मागे धावतो आणि दोघांमधली फट बुजवतो. पुस्तकात वाचून मधे पास फेकणारे क्वार्टरबॅक त्यात अडकू लागले.

पुढे डंजी इंडियानापोलिसचे प्रशिक्षक झाले. त्यांचा तिथला क्वार्टरबॅक पेटन मॅनिंग हा चेंडू सुटण्याआधी बचाव वाचण्यासाठीच प्रसिद्ध होता. फेब्रुवारी २००७ मध्ये त्यांनी सुपर बोल जिंकला. मुख्य प्रशिक्षक म्हणून तो जिंकणारे डंजी पहिले कृष्णवर्णीय. ज्याच्या वाचनावर लीगने भरवसा ठेवला नव्हता, त्याचं लिहिलेलं वाचताना लीगची दमछाक झाली.

अजून किती

हे सगळं जुनं झालं असं वाटत असेल तर २०२१ चं घ्या. डोक्याला झालेल्या इजांबद्दल निवृत्त खेळाडूंना लीगकडून भरपाई मिळत होती. त्यासाठी मेंदूची चाचणी घेताना कृष्णवर्णीय माणसाची बौद्धिक पातळी मुळातच कमी असते असं गृहीत धरणारा हिशेब वापरला जात होता, म्हणजे त्याचं नुकसानही कमी मोजलं जायचं. खेळाडूंनी न्यायालयात हे बाहेर काढल्यावर २०२१ च्या जूनमध्ये लीगने तो हिशेब थांबवण्याचं कबूल केलं.

१२ फेब्रुवारी २०२३ च्या सुपर बोलमध्ये पहिल्यांदा दोन्ही बाजूंचे सूत्रधार कृष्णवर्णीय होते: पॅट्रिक माहोम्स आणि जेलन हर्ट्‌स. माहोम्सचा संघ ३८-३५ ने जिंकला. माहोम्सच्या दैवी हाताच्या गोष्टी तुम्ही रील्समध्ये पाहिल्या असतील. त्याच्या वाचनाची गोष्ट कमी सांगितली जाते. २०१७ चा जवळपास सगळा हंगाम तो बाकावर बसून अनुभवी ॲलेक्स स्मिथच्या हाताखाली शिकला. २०१८ मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. आणि बचावाच्या बारीकसारीक सवयी पकडणं आपल्याला त्याच्याही पुढच्या हंगामाच्या मध्यावर जमू लागलं, असं त्याने नंतर स्वतःच सांगितलं.

म्हणजे जगातल्या सर्वांत हुशार हातालाही नीट वाचायला येण्यासाठी अडीच वर्षं लागली. त्या काळात त्याला रोज एक खोली मिळत होती, फळा मिळत होता, चुका दाखवणारी फिल्म मिळत होती आणि पुन्हा चुकायची मुभा होती. मार्लिन ब्रिस्कोकडे १४ टचडाउन होते. त्याला दुसऱ्या वर्षीची पहिली बैठकही मिळाली नाही.